जलविद्युत प्रकल्प आणि नोंदीबाहेरचे विस्थापित : मुळशी ते मणिबेली – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या औद्योगिक वाटचालीत विजेचे स्थान मध्यवर्ती आहे. मुंबईच्या कापड गिरण्या, उपनगरी रेल्वे, पुण्या-ठाण्याचे कारखाने आणि पुढे खेड्यापाड्यांतील विहिरींवरचे विद्युतपंप हे सारे ज्या विजेवर चालले, तिचा मोठा वाटा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अडविलेल्या पाण्यातून आला. या वाटचालीचा इतिहास सामान्यतः धरणांची उंची, विद्युतगृहांची क्षमता आणि अभियंत्यांचे कर्तृत्व यांच्या आधारे लिहिला जातो. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांचा उल्लेख त्यात ‘प्रकल्पग्रस्त’ या एका शब्दात आटोपतो. परंतु सर्व प्रकल्पग्रस्तांना सारखीच झळ बसली, असे इतिहास सांगत नाही. ज्यांच्या नावे जमिनीचा कागद होता त्यांना कमी-अधिक मोबदला मिळाला. ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट होती पण कागद नव्हता, त्यांना आधी आपण तेथे राहत होतो हेच सिद्ध करावे लागले. डोंगरदऱ्यांतील आदिवासी समाज प्रामुख्याने या दुसऱ्या गटात मोडतो.

प्रस्तुत शोधनिबंधात मुळशी, कोयना आणि सरदार सरोवर या तीन प्रकल्पांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. त्यात मुख्य भर नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या भिल्ल, पावरा व तडवी समाजावर आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील जलविद्युत प्रकल्पांमुळे झालेल्या विस्थापनाच्या इतिहासाचा आढावा घेणे.
२) जमिनीची शासकीय नोंद आणि पुनर्वसनाचा हक्क यांतील संबंध तपासणे.
३) नर्मदाकाठच्या आदिवासींच्या अनुभवाच्या प्रकाशात आजच्या ऊर्जा प्रकल्पांकडे पाहण्याची दृष्टी शोधणे.

मुळशी : कूळ, सावकार आणि कंपनी

टाटा उद्योगसमूहाने मुंबईला वीज पुरविण्यासाठी सह्याद्रीत तीन जलविद्युत केंद्रे उभारली. खोपोली येथील केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरी येथील १९२२ मध्ये आणि भिरा येथील १९२७ मध्ये सुरू झाले. भिऱ्याच्या केंद्रासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात धरण बांधण्यात आले आणि मुळा व निळा या नद्यांच्या काठची सुमारे पन्नास गावे त्यामुळे बाधित झाली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले ते याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे दुसरे प्रमुख नेते होत.

या लढ्याच्या अपयशाची कारणमीमांसा करताना सरकार व कंपनी यांचे संगनमत हे कारण नेहमी पुढे केले जाते आणि ते खरेही आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा एका खासगी कंपनीसाठी ‘सार्वजनिक प्रयोजना’च्या नावाने वापरला गेला. मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या ताब्यात गेलेल्या होत्या. जमीन कसणारा मावळा एक आणि कागदावरचा धनी दुसरा, अशी स्थिती होती. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीची वाजवी किंमत मिळाली तरी पुरेसे होते. मोबदल्याचा दर वाढविण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा विरोधकांमध्ये फूट पडली. बापटांनी पुढे अधिक तीव्र मार्ग अवलंबिला व त्यासाठी त्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. परंतु धरण थांबले नाही. कसणाऱ्याचा हक्क आणि कागदाचा हक्क यांच्या संघर्षात कायदा कागदाच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट मुळशीत प्रथम ठळकपणे समोर आली. कुळांची ही अवस्था असेल, तर ज्यांचा कुळ म्हणूनही उल्लेख नव्हता त्या कातकरी व धनगर कुटुंबांच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना करता येते.

कोयना : स्वातंत्र्यानंतरची पुनरावृत्ती

स्वातंत्र्यानंतर प्रकल्प सरकारचे झाले. भूसंपादनाचा कायदा मात्र तोच राहिला. कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून वीजनिर्मिती होऊ लागली. आज १,९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प राज्याच्या वीजव्यवस्थेचा कणा मानला जातो. शिवसागर जलाशयाने सातारा जिल्ह्यातील शंभराच्या आसपास गावांना हलविले. त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. दरम्यान काही कुटुंबे सांगली, सोलापूर, ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत पाठविली गेली, तर काही कुटुंबे गाव सोडण्याऐवजी पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर सरकली. १९८५ मध्ये त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य घोषित झाले आणि आधी पाण्याने हटविलेली माणसे आता अरण्याच्या नियमांनी बांधली गेली. नव्या वस्तीची रीतसर नोंद नसल्यामुळे त्यांचे राहणे हेच वादग्रस्त ठरले. कोयनेच्या विस्थापितांची पुनर्वसनाची मागणी साठ वर्षांनंतरही पूर्णतः मिटलेली नाही.

नर्मदेचा निवाडा आणि महाराष्ट्राची ३३ गावे :

सरदार सरोवर प्रकल्पाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली. पाण्याच्या वाटपावरून गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान यांच्यात वाद झाल्याने १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. विद्युतनिर्मितीची नियोजित क्षमता १,४५० मेगावॅट होती आणि त्या विजेपैकी ५७ टक्के मध्य प्रदेशास, २७ टक्के महाराष्ट्रास व १६ टक्के गुजरातेस देण्याचे ठरले. पाण्याच्या वाटपात महाराष्ट्राचा वाटा अगदी नगण्य होता. महाराष्ट्राच्या दृष्टीने सरदार सरोवर हा मुख्यतः वीजप्रकल्पच होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या विजेच्या मोबदल्यात महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताखाली येणार होती. त्यांपैकी ९ गावे अक्कलकुवा तालुक्यातील व २४ गावे अक्राणी तालुक्यातील. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत. तेथील जवळजवळ सर्व लोकसंख्या आदिवासी आहे.

लवादाचा निवाडा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल त्यास किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा, आणि पाणी चढण्याच्या पुरेसे आधी पुनर्वसन पूर्ण व्हावे, अशी तत्त्वे त्यात होती. पैशाऐवजी जमिनीला जमीन हे सूत्र मुळशी-कोयनेच्या पार्श्वभूमीवर मोठे पाऊल होते. परंतु ‘संपादित जमीन’ म्हणजे कोणती जमीन, या प्रश्नाशी येऊन हे सूत्र अडखळले.

नोंद नसलेली जमीन :

सातपुड्याच्या या भागात महसुली नोंदी इतक्या विरळ का होत्या, याचे उत्तर इतिहासात आहे. अक्कलकुव्याकडील डोंगराळ मुलूख ब्रिटिश काळात काठीसारख्या मेहवासी संस्थानांच्या अखत्यारीत होता आणि खानदेशच्या सपाट प्रदेशात झाली तशी जमीन-मोजणी तेथे झाली नाही. अक्राणीचा मोठा भाग वन म्हणून घोषित झाला. तेथील अनेक वस्त्या ‘वनगावे’ ठरल्या. जमीन वनखात्याची आणि शेतकरी तिच्यावर मर्जीने कसणारा, अशी ती व्यवस्था होती. आपल्या आजोबांनी फोडलेल्या शेतात नांगर धरणारा पावरा शेतकरी त्यामुळे सरकारी भाषेत ‘अतिक्रमणदार’ झाला.

शिवाय त्याच्या जगण्याचा आधार केवळ शेत नव्हते. डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, ज्वारी-मक्याची कोरडवाहू शेती, नदीकाठची गाळपेर, मासेमारी, जंगलातील मोह, चारोळी व तेंदूपाने, गुरांसाठी मोकळे चराऊ रान, आणि एकमेकांच्या शेतात राबून परतफेड करण्याची ‘लाह’ची पद्धत, अशा अनेक पायांवर हे जीवन उभे होते. वाघदेवाचे स्थान, इंदलची पूजा, पूर्वजांच्या स्मृतीची ठिकाणे यांचा सातबारा कोठेही नव्हता. भूसंपादन अधिकाऱ्याच्या तक्त्यात यांतील बहुतेक गोष्टींसाठी रकानाच नव्हता.

महाराष्ट्र शासनाने ३१ मार्च १९७८ पूर्वीची वनजमिनीवरील अतिक्रमणे मान्य करण्याचे धोरण स्वीकारले होते. परंतु त्या तारखेपूर्वी आपण शेत करीत होतो, हे सिद्ध करायचे कसे? व्यवहारात सर्वांत उपयोगी पुरावा ठरला तो वनखात्याच्या दंडाच्या पावतीचा. ज्याला पकडून दंड केला गेला त्याच्याजवळ पुरावा होता. जो रक्षकाच्या नजरेतून सुटला, किंवा ज्याच्याकडून पावती न देताच वसुली झाली, तो पुराव्याविना राहिला. शिक्षेची पावती हाच हक्काचा दाखला ठरावा, यातच या व्यवस्थेची विसंगती स्पष्ट होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या बाबतीत वेगळा विचार मान्य झालेला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या करारात आदिवासी समूहांनी परंपरेने धारण केलेल्या जमिनींवरील त्यांची वैयक्तिक वा सामूहिक मालकी मान्य करावी, असे कलम होते आणि भारताने १९५८ मध्ये त्यास मान्यता दिली होती. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पास ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले, तेव्हा बँकेचेही आदिवासींविषयक धोरण अस्तित्वात होते. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये सादर केलेल्या अहवालात पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही अंगांनी प्रकल्पावर कठोर टीका केली आणि तथाकथित अतिक्रमणदारांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. मार्च १९९३ मध्ये बँकेच्या उर्वरित साहाय्याचा मार्ग बंद झाला. धरणाचे बांधकाम मात्र देशांतर्गत निधीवर सुरूच राहिले.

संघर्ष, बुडीत आणि न्यायालय :

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून मेधा पाटकर व त्यांचे सहकारी या गावांतून फिरू लागले. महाराष्ट्रातील नर्मदा धरणग्रस्त समिती व पुढे नर्मदा बचाव आंदोलन यांतून हा लढा उभा राहिला. त्याची सुरुवातीची मागणी धरण नको अशी नव्हती. किती माणसे, कोठे आणि कशी वसविणार याची माहिती द्या, अशी होती. या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा विरोध धरणापर्यंत गेला.

महाराष्ट्राच्या हद्दीतील पहिले गाव मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले. गावाजवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बांधकाम थांबविले, १९९९ मध्ये मर्यादित परवानगी दिली आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, टप्प्याटप्प्याच्या पुनर्वसनाच्या अटीवर, धरण पूर्ण करण्यास अनुमती दिली. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळे मत नोंदविले. बहुमताच्या निकालाने पुनर्वसनाची अट कायम ठेवली होती. परंतु कोणाचे पुनर्वसन शिल्लक आहे हे ठरविण्यासाठी पुन्हा यादीच लागत होती. ती यादीच वादग्रस्त असल्याने महाराष्ट्र शासनाला २००१ मध्ये न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती नेमावी लागली. अनेक पात्र कुटुंबे यादीबाहेर राहिल्याचे त्यानंतर शासनालाही मान्य करावे लागले आणि ‘अघोषित’ हा शब्द नर्मदाकाठी रूढ झाला.

तळोद्याचा प्रश्न :

विस्थापितांना देण्यासाठी शासनाकडे ओलिताची जमीन नव्हती. त्यामुळे १९९० मध्ये केंद्राच्या परवानगीने तळोदा तालुक्यातील वनजमीन त्यासाठी मोकळी करण्यात आली. सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहती तेथे वसल्या. परंतु हे वन निर्मनुष्य नव्हते. आजूबाजूच्या गावांतील आदिवासी ती जमीन आधीपासून कसत होते आणि त्यांच्याकडेही कागद नव्हता. नर्मदाकाठच्या नोंदीबाहेरच्या आदिवासीला जागा देण्यासाठी तळोद्याचा नोंदीबाहेरचा आदिवासी बाजूला सारला गेला. दोन भावकीसारखे समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. आदिवासींवरील परिणामांचा हिशेब करताना बुडिताच्या गावांबरोबर या गावांचाही विचार व्हावयास हवा.

दुसऱ्या बाजूचीही नोंद घेणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. सरदार सरोवराच्या कालव्यांनी गुजरात व राजस्थानातील दुष्काळी भागांत पाणी नेले. महाराष्ट्र शासनाने पुढील काळात खासगी जमिनी विकत घेऊन अनेक कुटुंबांना जमीन दिली. वसाहतींत रस्ते, शाळा व दवाखाने यांची सोय डोंगरातील पाड्यांपेक्षा अधिक जवळ आली. परंतु यातील बरेचसे यश दीर्घ लढ्यानंतर, कुटुंबागणिक आणि अर्जागणिक मिळाले आहे. पाणी मात्र अर्ज निकाली निघेपर्यंत थांबले नाही.

बिलगावचा दिवा :

ज्या गावांच्या बुडितावर १,४५० मेगावॅट वीज उभी राहणार होती, त्या गावांत वीज नव्हती. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे ग्रामस्थांनी केरळमधील तरुण अभियंत्यांच्या मार्गदर्शनाने व श्रमदानाने धबधब्याच्या पाण्यावर चालणारा १५ किलोवॅटचा लघु जलविद्युत प्रकल्प उभारला. जानेवारी २००३ मध्ये तो सुरू झाला आणि पाड्यांवर प्रथमच विजेचे दिवे लागले. मोठ्या प्रकल्पाच्या तुलनेत त्याची क्षमता सुमारे ९७ हजारांवा हिस्सा होती. २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली हा प्रकल्पही गेला. आदिवासी विजेच्या विरोधात होते, या समजाला बिलगावचा हा छोटा इतिहास परस्पर उत्तर देतो. त्यांचा आक्षेप वीज कोणासाठी व कोणाच्या किमतीवर, याविषयी होता.

उशिरा आलेला कायदा :

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला. वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे. कागदी पुराव्याखेरीज घर, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हेही पुरावे म्हणून त्याच्या नियमांनी मान्य केले. दंडाची पावती नसलेल्या माणसासाठी हा मोठा बदल होता. परंतु त्याच डिसेंबर महिन्यात सरदार सरोवराच्या भिंतीची उंची १२१.९२ मीटरपर्यंत पोहोचली होती. कायद्याने मान्य केलेल्या घराच्या व बांधाच्या खुणा नर्मदाकाठच्या अनेक गावांत तोवर पाण्याखाली होत्या. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

मराठवाड्याच्या संदर्भात :

बीड जिल्ह्यातील वाचकाला नर्मदा दूरची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र प्रश्न दूरचा नाही. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राने १९७० च्या दशकापासून या जिल्ह्याला ऊर्जेच्या नकाशावर आणले आणि अलीकडच्या वर्षांत बालाघाटाच्या माळरानांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. पवनऊर्जेने गावे बुडत नाहीत, ही जमेची बाजू आहे. परंतु मराठवाड्यातही कागदाबाहेरची जमीन आहे. ती गायरानांच्या रूपात. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दलित, भटके-विमुक्त व पारधी कुटुंबांनी गायराने कसली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, तरी सातबाऱ्यावर नाव न चढलेली कुटुंबे आजही आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीनमालकाबरोबरच कसणारा, मजूर व वनोपजावर जगणारा यांनाही ‘बाधित कुटुंब’ मानले. परंतु जमीन थेट खरेदी वा भाडेपट्ट्याने घेतली गेली, तर हे संरक्षण सहसा लागू होत नाही. अशा व्यवहारात बोलणी कोणाशी होतात, हा मुळशीतला प्रश्न येथेही विचारावा लागेल.

निष्कर्ष :

१) मुळशी, कोयना व सरदार सरोवर या तिन्ही प्रकल्पांत नुकसानाचे मोजमाप माणसाच्या प्रत्यक्ष जीवनाऐवजी शासकीय नोंदीच्या आधारे झाले.

२) आदिवासींकडे नोंदी नसणे हा त्यांचा दोष नव्हता. मेहवासी संस्थाने, वनगावे व वनकायदे यांच्या इतिहासातून ती स्थिती निर्माण झाली. ज्या शासनाने नोंद केली नाही, त्याच शासनाने पुढे नोंदीअभावी हक्क नाकारला.

३) पुनर्वसनाचे नियम काळाबरोबर सुधारले, तथापि ते बहुधा संघर्षानंतर आणि बुडितानंतर आले.

४) सामूहिक साधनसंपत्तीची मोजणी प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी व ग्रामसभेच्या साक्षीने होणे ही न्याय्य पुनर्वसनाची पहिली अट मानली पाहिजे. हे तत्त्व पवन व सौरऊर्जेच्या प्रकल्पांनाही लागू आहे.

विजेची गरज नाकारता येत नाही. परंतु कोणताही प्रकल्प मंजूर करताना या जमिनीवर कोण जगते, हे तलाठ्याच्या दप्तराबरोबर गावातील वृद्धांनाही विचारले गेले पाहिजे. मणिबेलीत ते वेळेवर विचारले गेले असते, तर पुढील तीस वर्षांचा बराचसा इतिहास निराळा लिहिता आला असता.